कॉलेज बेसबॉलचं रेटिंग घरी कसं काढायचं: आरपीआय, आयएसआर आणि त्यांतल्या खाचाखोचा

अमेरिकेत एनसीएए ही कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना आहे आणि तिच्या डिव्हिजन १ मध्ये, म्हणजे वरच्या श्रेणीत, बेसबॉल खेळणारी सुमारे ३०० विद्यापीठं आहेत. फेब्रुवारीच्या मध्यापासून मे महिन्याच्या अखेरीपर्यंत प्रत्येक संघ नियमित हंगामात जास्तीत जास्त ५६ सामने खेळतो. त्यातले बरेचसे आपल्याच कॉन्फरन्समधल्या (विद्यापीठांच्या खेळापुरत्या गटातल्या) संघांशी आणि तेही शुक्रवार-शनिवार-रविवार अशा तीन-तीन सामन्यांच्या मालिकांत. त्यामुळे वर्षभरात एका संघाची गाठ साधारण वीस-पंचवीस संघांशीच पडते आणि उरलेल्या पावणेतीनशेंशी तो खेळतच नाही. आयपीएलचा गुणतक्ता नीट चालतो, कारण तिथले दहा संघ थोड्याफार फरकाने एकमेकांशीच खेळलेले असतात. इथे ४०-१६ आणि ३४-२२ अशा दोन संघांमध्ये सरस कोण, हे नुसत्या जय-पराजयावरून कळत नाही.

आणि ते कळणं गरजेचं असतं. मे अखेरीस ६४ संघांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू होते. त्यातल्या तीसच्या आसपास जागा कॉन्फरन्स विजेत्यांना आपोआप मिळतात, बाकीच्या निवड समिती भरते. समितीने वरचं मानांकन दिलेल्या १६ संघांना सहसा पहिल्या फेरीचं यजमानपद मिळतं, म्हणजे चार संघांची ‘रीजनल’ आपल्याच मैदानावर. त्यातले सोळा विजेते तीनपैकी दोन सामन्यांच्या ‘सुपर रीजनल’मध्ये भिडतात आणि उरलेले आठ नेब्रास्कातल्या ओमाहाला कॉलेज वर्ल्ड सिरीजसाठी जातात. समितीसमोरच्या कागदांवर वर्षानुवर्षं जो आकडा ठळकपणे असतो तो आरपीआय (रेटिंग पर्सेंटेज इंडेक्स). म्हणून सुरुवात त्याच्यापासून करू, मग त्याहून बरी सूत्रं पाहू. स्प्रेडशीट वापरता येत असेल तर एवढं सगळं घरबसल्या करता येतं.

पायरी १: सामन्यांची यादी नीट करा

चुका बहुतेक इथेच होतात, सूत्रात नाही. पूर्ण हंगामात साधारण आठ हजार सामने होतात. प्रत्येक सामना दोन ओळींत लिहा, एक ओळ एका संघाच्या बाजूने आणि दुसरी दुसऱ्याच्या. रकाने असे ठेवा: तारीख, संघ, प्रतिस्पर्धी, जागा (घर, बाहेर किंवा तटस्थ), निकाल (जिंकला तर १, हरला तर ०, बरोबरी असेल तर अर्धा), केलेल्या धावा, दिलेल्या धावा. सोळा हजारांच्या आसपास ओळी होतील. शीट जरा संथ चालेल, पण चालेल.

पुढच्या गोष्टींवर नजर ठेवा.

नावं. ‘यूएससी’ म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया की साउथ कॅरोलायना? ‘मायामी’ म्हणजे फ्लोरिडातलं की ओहायोतलं? प्रत्येक संघाला एक ठरावीक संकेतांक द्या आणि नाव फक्त शेवटी दाखवण्यापुरतं वापरा.

दुहेरी नोंदी. एकाच दिवशी त्याच दोन संघांचे दोन सामने होतात, त्याला डबलहेडर म्हणतात. पावसाने शुक्रवार बुडाला की शनिवारी असंच होतं. ‘तारीख आणि दोन संघ’ एवढीच खूण धरून दुहेरी ओळी काढल्या तर खरा सामनाच उडतो. तारखेच्या जोडीला सामन्याचा क्रमांकही हवा.

डिव्हिजन १ बाहेरचे सामने. डिव्हिजन २ किंवा ३ मधल्या संघाविरुद्धचा विजय संघाच्या जाहीर कामगिरीत दिसतो, पण आरपीआयमध्ये धरला जात नाही. तो काढला नाही तर तुमचा आकडा अधिकृत आकड्याशी जुळणार नाही आणि का जुळत नाही हे शोधण्यात दोन रात्री जातील.

जागा. बेसबॉलमध्ये यजमान शेवटी फलंदाजी करतो, पण तटस्थ मैदानावरही कुणीतरी शेवटी फलंदाजी करतंच. म्हणून स्कोअरकार्डवर खाली लिहिलेला संघ म्हणजे यजमान असं समजू नका. सामना कुठल्या गावात झाला ते पाहा.

यादी झाली की एक सोपी चाचणी करा. सगळ्या संघांच्या विजयांची बेरीज आणि पराभवांची बेरीज सारखी यायला हवी. एकाचाही फरक असेल तर पुढे जाऊ नका.

पायरी २: आरपीआयचे तीन तुकडे

हे सूत्र १९८१ मध्ये कॉलेज बास्केटबॉलसाठी वापरात आलं. पुरुष बास्केटबॉलने २०१८-१९ च्या हंगामात त्याची जागा ‘नेट’ नावाच्या दुसऱ्या मोजमापाला दिली, बेसबॉलमध्ये मात्र ते टिकून राहिलं. सूत्र असं:

आरपीआय = ०.२५ × स्वतःचं विजयप्रमाण + ०.५० × प्रतिस्पर्ध्यांचं विजयप्रमाण + ०.२५ × प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचं विजयप्रमाण

पहिल्या तुकड्यात जागेचं वजन येतं. २०१३ च्या हंगामापासून बेसबॉलमध्ये घरचा विजय ०.७, बाहेरचा विजय १.३, घरचा पराभव १.३ आणि बाहेरचा पराभव ०.७ धरू लागले. तटस्थ जागेला दोन्ही बाजूंनी १. ही वजनं सूत्राच्या आत लिहू नका, शीटच्या वरच्या कोपऱ्यातल्या वेगळ्या खान्यांत ठेवा. नियम बदलला तर एकच आकडा बदलावा लागेल, शिवाय वजनं हलवून काय होतं हे पाहण्यात बरंच शिकायला मिळतं.

दुसरा तुकडा काढताना प्रतिस्पर्ध्याच्या खात्यातून तुमच्याशी झालेले सामने वगळायचे असतात. नाहीतर तुम्ही त्याला हरवल्याची शिक्षा तुम्हालाच होते. सरासरी काढायची ती सामन्यागणिक: एखाद्या संघाशी तीनदा खेळलात तर त्याचं प्रमाण तीनदा मोजा. नवशिके इथे दोन चुका हमखास करतात. एक, सगळ्या प्रतिस्पर्ध्यांचे विजय एकत्र ओतून एकच टक्केवारी काढतात. दोन, ०.७ आणि १.३ ची वजनं इथेही लावतात. ती फक्त पहिल्या तुकड्यासाठी आहेत.

तिसरा तुकडा सोपा आहे. प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचा दुसरा तुकडा आधीच काढलेला असतो, त्याचीच सामन्यागणिक सरासरी घ्यायची.

पायरी ३: चार संघांवर हात बसवा

तीनशे संघांवर जाण्याआधी कागदावर पडताळता येईल असं छोटं उदाहरण करा. समजा अ, ब, क, ड हे चार काल्पनिक संघ आहेत आणि आठ सामने झालेत:

अ च्या मैदानावर अ आणि ब यांचे ३ सामने: अ ने २ जिंकले, ब ने १.
क च्या मैदानावर क आणि ड यांचे ३ सामने: तिन्ही क ने जिंकले.
क च्या मैदानावर ब ने क ला हरवलं.
अ च्या मैदानावर अ ने ड ला हरवलं.

कामगिरी: अ ३-१, ब २-२, क ३-१, ड ०-४.

आता अ चा पहिला तुकडा. चारही सामने घरचे. विजय ३ × ०.७ = २.१, पराभव १ × १.३ = १.३. प्रमाण २.१ ÷ ३.४ = ०.६१८. ब चे चारही सामने बाहेरचे: विजय २ × १.३ = २.६, पराभव २ × ०.७ = १.४, प्रमाण २.६ ÷ ४ = ०.६५०. इथेच ब पुढे गेला. क चे चारही घरचे, म्हणून अ सारखंच ०.६१८. ड शून्य.

अ चा दुसरा तुकडा: ब शी तीन सामने, ड शी एक. अ वगळून ब ची कामगिरी १-० म्हणजे १.०००, अ वगळून ड ची ०-३ म्हणजे शून्य. (३ × १ + ०) ÷ ४ = ०.७५०. याच रीतीने ब चा १.०००, क चा ०.०८३ आणि ड चा ०.१६७ येतो. तिसरे तुकडे अनुक्रमे ०.७९२, ०.५८३, ०.३७५ आणि ०.२५०.

सगळं जोडलं की आरपीआय असा: ब ०.८०८, अ ०.७२७, क ०.२९०, ड ०.१४६.

तुमच्या शीटमध्ये हेच आकडे आले तर सूत्रं बरोबर बसली. आणि निकालाकडे जरा टक लावून पाहा. अ ने ब ला मालिकेत २-१ हरवलं, अ ची कामगिरी ३-१, ब ची २-२, तरी ब वर! जागेची वजनं काढून टाकली तरी ब वरच राहतो, ०.७७१ विरुद्ध ०.७६०. कारण ब ने ज्यांच्याशी गाठ घातली ते दोघेही इतरत्र जिंकलेले होते, आणि अ ने मात्र ड शी एक सामना खेळला. आठ सामन्यांत हा दोष फुगून दिसतो, पण दोष तोच असतो. सूत्राचा तीन चतुर्थांश भाग तुम्ही कोणाशी खेळलात यावर चालतो.

खऱ्या हंगामात हे प्रमाण जरा सौम्य होतं. स्वतःचं विजयप्रमाण ०.२०० ते ०.८०० असं पसरतं, तर दुसरा तुकडा ०.५०० च्या आसपास दाटीवाटीने बसतो आणि तिसरा त्याहूनही अरुंद पट्ट्यात. त्यामुळे वजन ७५ टक्के असलं तरी प्रत्यक्ष फरक पाडण्याची ताकद तेवढी नसते.

पायरी ४: जिंकून खाली कसे जातात

कॉलेज बेसबॉल नव्याने पाहणाऱ्याला सर्वात खटकणारी गोष्ट हीच, म्हणून आकड्यांत बघू. समजा एक संघ ३५-१५ आहे: घरी १९-६, बाहेर १६-९. वजनं लावून विजय ३४.१, पराभव १४.१, प्रमाण ०.७०७. दुसरा तुकडा ०.५५०, तिसरा ०.५२० धरा.

मंगळवारी घरी एका दुबळ्या संघाशी सामना आहे. त्या संघाचं प्रमाण ०.२००, त्याचा दुसरा तुकडा ०.४५०. आपला संघ जिंकला. पहिला तुकडा ३४.८ ÷ ४८.९ = ०.७१२ झाला, आरपीआयमध्ये फायदा ०.००१०. दुसरा तुकडा ०.५५० वरून ०.५४३ वर आला, तोटा ०.००३४. तिसऱ्याचा तोटा ०.०००३. एकूण ०.००२७ ने घसरण, आणि तीही जिंकून.

आता तोच संघ बाहेरगावी एका तगड्या संघाशी खेळला (प्रमाण ०.७५०, दुसरा तुकडा ०.५५०) आणि हरला. पहिल्या तुकड्यात तोटा ०.००२५, दुसऱ्यात फायदा ०.००२०, तिसऱ्यात ०.०००१. एकूण घसरण अवघी ०.०००४.

म्हणजे बाहेर तगड्याशी हरणं परवडतं, घरी दुबळ्याला हरवणं परवडत नाही. हंगामाच्या शेवटच्या आठवड्यांत मधल्या वारचे सामने रद्द होताना दिसले तर दर वेळी पावसालाच दोष देऊ नका. या उदाहरणात तिसरा तुकडा बाजूला ठेवला तर घरच्या विजयाचा तोटा होऊ नये यासाठी प्रतिस्पर्ध्याचं प्रमाण किमान ०.४४३ च्या आसपास हवं. हा उंबरठा प्रत्येक संघासाठी वेगळा असतो, शीटमध्ये एक बनावट ओळ घालून तो काढता येतो.

जागेच्या वजनातही एक खोच आहे. ०.७ आणि १.३ ही वजनं आणताना आधार असा दिला गेला की डिव्हिजन १ बेसबॉलमध्ये यजमान सुमारे ६२ टक्के सामने जिंकतात. पण ही वजनं बरोबर तोलायची तर यजमानाने ६५ टक्के जिंकायला हवेत: ०.६५ × ०.७ आणि ०.३५ × १.३ दोन्ही ०.४५५ येतात. ६२ टक्के धरले तर तुल्यबळ संघांशी सगळे सामने घरी खेळणाऱ्याचं प्रमाण ०.४६८ पडतं आणि सगळे बाहेर खेळणाऱ्याचं ०.५३२. तेवढ्यानेच आरपीआयमध्ये ०.०१६ चा फरक होतो. शिवाय ते ६२ टक्केही निव्वळ मैदानाचे नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तरेकडे बर्फ असतो, तिथले संघ आठवडेच्या आठवडे दक्षिणेत पाहुणे म्हणून खेळतात आणि दक्षिणेतले यजमान अनेकदा मुळातच सरस असतात. म्हणजे त्या आकड्यात मैदानाचा फायदा आणि संघाची ताकद मिसळलेली आहे. थोडक्यात, वजनं गरजेपेक्षा जास्त झुकलेली आहेत, आणि सतत प्रवास करणाऱ्या मधल्या फळीतल्या संघांना त्याचा फायदा होतो. त्यांच्या खडतर हंगामाकडे पाहता त्याचं फार वाईट वाटून घेण्याचं कारण नाही.

आणखी एक गोष्ट सूत्रातून आपोआप निघते. कॉन्फरन्सच्या आतल्या सामन्यांत एकाचा विजय म्हणजे दुसऱ्याचा पराभव, सगळ्यांचं मिळून प्रमाण ०.५०० च. म्हणून एखादी कॉन्फरन्स किती ‘जड’ आहे हे बाहेरच्यांशी झालेल्या सामन्यांवरच ठरतं आणि त्यातले बहुतेक सामने पहिल्या चार-पाच आठवड्यांत उरकतात. पश्चिम किनाऱ्यावरचे संघ प्रवासखर्चामुळे आपसांतच जास्त खेळतात, त्यामुळे तिथले चांगले संघ एकमेकांचं प्रमाण ०.५०० कडे खेचतात आणि आरपीआयमध्ये मागे दिसतात.

पायरी ५: आयएसआर, म्हणजे फेऱ्या मारून जमणारं रेटिंग

आरपीआय प्रतिस्पर्ध्याच्या प्रतिस्पर्ध्यापाशी थांबतो. आयएसआर (इटरेटिव्ह स्ट्रेंथ रेटिंग) थांबत नाही. पद्धत अशी:

सगळ्यांना १०० गुण द्या.
प्रत्येक सामन्यासाठी संघाच्या खात्यात प्रतिस्पर्ध्याचं रेटिंग लिहा. जिंकला असेल तर त्यात २५ मिळवा, हरला असेल तर २५ वजा करा.
सगळ्या सामन्यांची सरासरी म्हणजे संघाचं नवं रेटिंग.
नवी रेटिंग घेऊन पुन्हा तेच. आकडे हलायचे थांबले की झालं.

स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक फेरीला नवा रकाना द्या. खाना स्वतःकडेच परत वळेल असं चक्राकार सूत्र लिहू नका, मध्येच आकडा बिघडला तर कुठे बिघडला ते सापडत नाही. सगळ्या संघांचे सामने सारखे नसल्यामुळे सरासरी हळूहळू १०० वरून सरकते, म्हणून प्रत्येक फेरीनंतर सगळ्यांत सारखीच रक्कम मिळवून किंवा वजा करून ती १०० वर आणा.

आपल्या चार संघांवर चालवून पाहा. पहिल्या फेरीनंतर अ ११२.५, ब १००, क ११२.५, ड ७५. दुसऱ्या फेरीनंतर अ १०६.२५, ब ११२.५, क ९३.७५, ड ८७.५. तिसऱ्यात अ ११८.७५, ब १०३.१, क १०६.२५, ड ७१.९. आकडे झोके घेत राहतात, शंभर फेऱ्या मारल्या तरी थांबत नाहीत. सूत्र चुकलेलं नाही. आपल्या वेळापत्रकात अ आणि क हे दोघं फक्त ब आणि ड यांच्याशी खेळलेत, आपसांत कधीच नाही. असे दोन गट पडले की एका फेरीतली चूक पुढच्या फेरीत पलीकडच्या गटात जाते आणि परत येते. खऱ्या हंगामाच्या मध्यावर असे काटेकोर गट राहत नाहीत, पण सुरुवातीच्या आठवड्यांत याच्या जवळ जाणारी स्थिती येते.

उपाय साधा: नवं रेटिंग जसंच्या तसं न घेता जुन्या आणि नव्याची सरासरी घ्या. या उदाहरणात वीस फेऱ्यांत आकडे ०.०५ च्या आत स्थिरावतात: अ ११४.६, ब ११०.४, क ९७.९, ड ७७.१.

आता अ वर आहे. ब चं वेळापत्रक कठीण होतं हे आयएसआरनेही मानलं, म्हणून २-२ असूनही ब हा ३-१ च्या क पेक्षा बराच वर आहे. पण अ ने मालिका जिंकल्याचं मोलही टिकलं.

आयएसआरच्या आकड्याला सरळ अर्थही देता येतो. दोन संघांच्या रेटिंगमधला फरक ५० ने भागा आणि त्यात ०.५ मिळवा, की तटस्थ मैदानावर वरच्या संघाची जिंकण्याची शक्यता येते. अ आणि ब मध्ये ४.२ चा फरक, म्हणजे ५८ टक्के. याच हिशेबाने यजमानाचे ६२ टक्के म्हणजे ६ गुण. ते वापरायचे असतील तर घरच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याच्या रेटिंगमधून ६ वजा करा, बाहेरच्यात ६ मिळवा. वर सांगितलेल्या कारणासाठी ६ ऐवजी ४ वगैरे घेतले तरी माझी हरकत नाही.

पण हाच अर्थ त्याची मर्यादाही उघडी पाडतो. अ आणि ड मध्ये ३७.५ चा फरक आहे, म्हणजे जिंकण्याची शक्यता १२५ टक्के! फरक २५ च्या वर गेला की सूत्र भलतंच बोलतं. अ ने ड ला हरवलं तेव्हा खात्यात ७७.१ + २५ = १०२.१ आले, जे अ च्या ११४.६ पेक्षा कमी आहेत. म्हणजे इथेही विजयाने रेटिंग खालीच ओढलं. आरपीआयचा दोष आयएसआरमध्ये नाही असं ठासून सांगणारे भेटतील. तो कमी आहे, गेलेला नाही.

पायरी ६: पुढची सूत्रं, थोडक्यात

ब्रॅडली-टेरी. १९५२ मध्ये मांडलेली ही पद्धत वरचा दोष मुळातून काढते. प्रत्येक संघाला एक धन संख्या द्यायची. दोन संघांची ताकद ३ आणि १ असेल तर पहिल्याची शक्यता ३ ÷ (३ + १), म्हणजे ७५ टक्के. ती १०० च्या वर जाऊच शकत नाही आणि विजयाने रेटिंग कधी घटत नाही. फेरीचा नियम: प्रत्येक सामन्यासाठी १ ÷ (आपली ताकद + प्रतिस्पर्ध्याची ताकद) काढून बेरीज करा आणि एकूण विजयांना त्या बेरजेने भागा. अडचण एकच, एकही सामना न जिंकलेल्या संघाची ताकद शून्य होते. आपल्या उदाहरणात ड शून्यावर जातो, मग ज्याचे सगळे विजय ड वरच आहेत तो क सुद्धा ब च्या तुलनेत शून्याकडे घसरतो. म्हणून प्रत्येक संघाच्या खात्यात ताकद १ असलेल्या एका काल्पनिक सरासरी संघाशी एक बरोबरीचा सामना घाला. हंगाम सरकतो तसा त्याचा परिणाम विरत जातो.

कोली. हेच काल्पनिक सामन्यांचं तत्त्व, पण समीकरणं सुटसुटीत: (१ + विजय आणि पराभवातल्या फरकाचा अर्धा + प्रतिस्पर्ध्यांच्या रेटिंगची बेरीज) ÷ (२ + सामने). सगळ्यांना ०.५ देऊन सुरुवात करा. अमेरिकन फुटबॉलच्या जुन्या बीसीएस क्रमवारीत वापरलेल्या संगणकीय रेटिंगांपैकी हे एक होतं.

एलो. बुद्धिबळामुळे आपल्याकडे हे नाव घराघरांत आहे, फिडे ते १९७० पासून वापरते. १५५० विरुद्ध १५०० असेल तर वरच्याची अपेक्षा ५७ टक्के. बदलाचा गुणक १० धरला तर जिंकल्यावर त्याला ४.३ मिळतात, हरल्यावर ५.७ जातात. एलोला हंगामाचा क्रम कळतो, एप्रिलमध्ये सूर सापडलेला संघ वर येताना दिसतो. बेसबॉलमध्ये एका सामन्यात नशिबाचा वाटा मोठा, म्हणून गुणक लहानच ठेवा. नव्या हंगामात सगळ्यांची रेटिंग सरासरीकडे बरीच ओढून घ्या, कारण खेळाडू तिसऱ्या वर्षानंतर किंवा एकविसाव्या वर्षी व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, जाऊ शकतात, कित्येक जण विद्यापीठंही बदलतात. गेल्या वर्षीचा संघ हा यंदाचा संघ नसतो.

धावांवर आधारलेली सूत्रं. सर्वात सोपं पायथागोरसच्या नावाचं: केलेल्या धावांचा वर्ग ÷ (केलेल्या धावांचा वर्ग + दिलेल्या धावांचा वर्ग). ४०० केल्या आणि ३०० दिल्या तर ०.६४०. वर्गाऐवजी १.८३ हा घातांकही वापरतात. एखाद्या संघाचं खरं विजयप्रमाण यापेक्षा फार वर असेल तर एका-एका धावेने जिंकलेले सामने तपासा, ते नशीब पुढच्या महिन्यात टिकेलच असं नाही. मात्र कच्च्या धावा घेऊ नका. १८-२ ने सुटलेल्या सामन्यात शेवटच्या इनिंगमध्ये राखीव पिचर (चेंडू टाकणारे) येतात आणि फरक अर्थहीन होतो. शिवाय दहा धावांची आघाडी झाली की सामना सात इनिंगवर थांबवण्याचा नियम अनेक वर्षं काही सामन्यांत असायचा, काहींत नसायचा. एका सामन्याचा फरक ७ किंवा ८ धावांवर तोडा.

पायरी ७: आकडा वाचताना आणि तपासताना

मार्चच्या आधी कुठलीही क्रमवारी गंभीरपणे घेऊ नका. पहिल्या एक-दोन आठवड्यांत संघांचे गट एकमेकांना जोडलेलेच नसतात, आणि जिथे दुवा नाही तिथे तुलना करायला सूत्राकडे काही नसतं.

कुठलंही सूत्र पिचर पाहत नाही, हे सतत लक्षात ठेवा. शुक्रवारी संघाचा हुकमी पिचर उतरतो, मंगळवारी बऱ्याचदा चौथा-पाचवा. मंगळवारचा पराभव आणि शुक्रवारचा पराभव खात्यात सारखेच लिहिले जातात. तुमच्याकडे वारांची नोंद असेल तर मधल्या वारच्या सामन्यांना ०.७ च्या आसपास वजन देऊन क्रमवारी किती हलते ते पाहा. जे संघ पाच-दहा जागा हलतील त्यांचं वेळापत्रक हाताने तपासा.

‘आतापर्यंत काय कमावलं’ आणि ‘उद्या कोण जिंकेल’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आरपीआय, आयएसआर, कोली ही पहिल्याची उत्तरं. एलो आणि धावांची सूत्रं दुसऱ्याकडे झुकतात. समिती पहिला प्रश्न विचारते, म्हणून तिच्या निवडीचा अंदाज बांधायचा असेल तर तुम्हाला आवडणारं सूत्र नाही, आरपीआयच चालवा.

स्पर्धेचा निकाल लागल्यावर सूत्राला झोडपू नका. २००८ मध्ये फ्रेस्नो स्टेट आपल्या रीजनलमध्ये चौथ्या, म्हणजे तळाच्या मानांकनावर होतं आणि राष्ट्रीय विजेतं ठरलं. २०२२ मध्ये ओल मिस हा समितीने घेतलेला शेवटचा संघ, त्यानेही विजेतेपद मिळवलं. त्याच वर्षी अव्वल मानांकित टेनेसी घरच्याच मैदानावर सुपर रीजनलमध्ये नोत्र दामकडून हरलं. तीन सामन्यांच्या मालिकेत ६० टक्के शक्यतेचा संघही साधारण तीनातून एकदा हरतोच: ०.६ चा हिशेब मांडला तर मालिका जिंकण्याची शक्यता ६५ टक्केच येते.

सूत्राची खरी परीक्षा अशी घ्या. एप्रिलच्या अखेरीपर्यंतचे सामने घालून रेटिंग काढा आणि तिथेच गोठवा. मे महिन्यातल्या प्रत्येक सामन्यासाठी शक्यता लिहा, मग त्यांचे गट करा: ५० ते ६० टक्के, ६० ते ७० टक्के असे. ६० ते ७० च्या गटात वरचा संघ प्रत्यक्षात ६५ च्या आसपास जिंकला का? ८० च्या वरच्या गटात तो ७० वेळाच जिंकत असेल तर सूत्राला फाजील आत्मविश्वास आहे, रेटिंगमधला फरक थोडा दाबा. आरपीआय शक्यता देत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी वरच्या क्रमांकाचा संघ किती वेळा जिंकला एवढंच मोजा. तुलनेला एक तिसरा रकाना ठेवा, ज्यात दर वेळी फक्त यजमानालाच विजेता धरलेलं असेल. तुमचं सूत्र त्या रकान्यालाही हरवत नसेल तर पायरी १ वर परत जा. बहुतेक वेळा ‘बाहेर’च्या जागी ‘घर’ पडलेलं असतं किंवा दोन मायामी एक झालेली असतात.